लंकाबाईचं चौथं कडवं

त्या दिवशी सकाळी माझी सासू चुन्याच्या रेघेवर जाऊन बसली आणि उठेचना.

रेघ होती आमच्या कबरस्तानाच्या नव्या भिंतीची. गोरक्ष गवंड्यानं आदल्या दिवशी सुतळी ताणून, चुन्याची फक्की मारून ठेवली होती. सकाळी जेसीबी येऊन चर खणणार, मग नगरहून पाळकसाहेब येऊन प्रार्थना करणार, पहिला दगड बसणार आणि मंडळीला भजी-जिलेबी. सगळं ठरलेलं. जेसीबी आला, तर रेघेच्या बरोबर मधोमध ही म्हातारी फतकल मारून बसलेली. डोक्यावर पदर, तोंड घट्ट मिटलेलं.

"आत्याबाई, उठा. चहा तरी घ्या," मी म्हणाले.

"न्हाई."

"गुडघे धरतील मग."

"धरू दे. गुडघे माझे हायत."

मी ज्योती, लंकाबाईची सून. माहेर सुप्याचं. लग्नाआधी तिथल्या एमआयडीसीत पॅकिंगला होते, सुपरवायझरशी भांडून भांडून जीभ चांगली परजलेली. सासरी आले तेव्हा वाटलं, पुणतांब्याकडची, गोदावरीच्या काठची माणसं, गोड असतील. कसली गोड! माझी सासू म्हणजे उसाचा बुडखा. गोडी आहे, पण दात पडायची तयारी ठेवा. आमचं दोघींचं रोज वाजतं. पण तिला कुणी बाहेरचा बोलला की माझं डोकं फिरतं, हेही तितकंच खरं.

तुम्ही आमच्या जिल्ह्यात कुठल्याही ख्रिस्ती मयतीला गेला असाल तर माझ्या सासूला तुम्ही ऐकलेलं आहे. फक्त तुम्हाला ते माहीत नाही. माती देताना हे गाणं म्हणतातच:

दार उघडं ठेव, राजा, दार उघडं ठेव,
उशिरा येणारं लेकरू तुझं, दार उघडं ठेव.

ते तिचं. मोबाईलवरही आहे, नगरच्या कुठल्याशा पोरांनी कीबोर्ड लावून म्हटलंय. मी तिला ऐकवलं, म्हटलं, "खाली लिहिलंय बघा, गीत: पारंपरिक." म्हातारी म्हणाली, "ह्यो पारंपरिक कुठला? नेवाश्याचा का?" मी हसून हसून लोळले. मग रात्री जेवताना मला एकदम रडायला आलं. कशाला ते तेव्हा कळलं नाही.

लंकाबाई मूळची पाथर्डीकडची. आईबाप दरसाल इकडं ऊस तोडायला येत, त्या टोळीतच ती वाढली. माझे सासरे शांतवन साळवे इथल्या चर्चचे झाडणारे-घंटा वाजवणारे. त्यांनी हिला पाहिली आणि परत जाऊच दिली नाही. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला. तेव्हाचे पाळक म्हणाले, नाव बदलू, लिडिया ठेवू. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) लंका कशी चालेल? ही म्हणाली, "हनुमंतानं जाळूनबी जी उरली ती मी. ऱ्हाऊ द्या." राहिलं. तसं आमच्यात बऱ्याच जणांची नावं जुनीच राहिली, रामहरी काय, कल्याण काय. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तिला अक्षर येत नाही. गाणी करायची तिची रीतच वेगळी. खुरपायला गेली की पातीच्या एका टोकाला नव्या गाण्याची ओळ म्हणायची आणि गप मान खाली घालून खुरपत राहायची. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती ओळ बाकीच्या बायकांच्या तोंडी आपसूक आली तर गाणं ठेवायचं. नाही आली तर बांधावरच टाकून द्यायचं. "ज्या गान्यानं खुरपं थांबतं ते गानं न्हाई," म्हणायची. तिच्या पातीला माळ्याच्या, मराठ्याच्या, सगळ्या बायका असायच्या. कडूबाई म्हणून एक होती, कपाळाला हे एवढं कुंकू, आणि येशूचं गाणं म्हणत कांदा निंदायची. तिला विचारलं तर म्हणायची, "गानं चांगलं हाय बया, आपल्याला निंदायशी मतलब."

आमच्याकडं गाणं करणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. 'अमका म्हणे', 'तमका सांगे'. तेवढीच त्याची सही. देवळात वेळ कमी असला की पुढारी सांगतो, पहिलं, दुसरं आणि शेवटचं म्हणा. मधली गाळायची, पण शेवटचं गाळायचं नाही. कारण त्यात माणूस असतो.

लंकाबाईचं तेच गाळतात. 'दार उघडं ठेव'ची तीनच कडवी जगाला माहीत आहेत. चौथं गाळलं, त्याबरोबर तिचं नाव गेलं, आणि नावापेक्षा मोठं काहीतरी गेलं.

लोकांना वाटतं, गाण्यातलं उशिरा येणारं लेकरू म्हणजे पापी माणूस. पापी कसला! ते लेकरू खरंच लेकरू होतं. सुकन्या. माझ्या नवऱ्याच्या आधीची. जगली असती तर माझी नणंद, आणि माझ्या तोंडाला तोंड देणारी कुणीतरी घरात असती.

बहात्तरचा दुष्काळ. पोर रांगायला लागलेली. बाप्तिस्मा व्हायचा होता, पण पाळक एकच, त्यांच्याकडं ढीगभर गावं, सायकलवर यायचे. यायचे म्हणाले की काहीतरी निघायचं, येणं लांबायचं. आणि एक दिवस पोरीला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. सासरे खडी फोडायला गेलेले. लंकाबाईनं पोर कडेवर मारली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि पळत गेली ती थेट रामहरी आबांच्या दारात.

रामहरी आबा म्हणजे थोरले पंच. पाळक नसले की तेच उपासना चालवायचे. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. पण नियम म्हणजे नियम, असा.

"आबा, पानी घाला पोरीच्या कपाळाला. नाव घ्या. येवढंच करा."

"मला अधिकार न्हाई, लंका. पाळक रविवारी येत्यात. तवर देव राखंल."

"रविवारपतुर न्हाई ऱ्हायची ती!"

"अधिकार न्हाई म्हनलं ना," आबा म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.

दिवस मावळायच्या आत पोर गेली. आणि कबरस्तानात न्यायला निघाले तर आबा फाटकात उभे. बाप्तिस्मा झालेला नाही, आत घेता येत नाही. मग भिंतीच्या बाहेर, शेजारच्या शेताच्या कडेला बाभळ होती, तिच्या खाली ठेवली. वर चार दगड. सासरे म्हणायचे, त्या दिवशी लंका रडली नाही, तांब्या घेऊन नुसती बसली होती. पाणी तसंच होतं तांब्यात.

रविवारी पाळक आले. ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो रामहरी, जीव जायला लागला की कुणीही विश्वासणारा पाणी घालू शकतो. तुम्ही घालायला हवं होतं." आबा तिथंच मटकन खाली बसले. पण झालं ते झालं. पाळकांची बदली झाली, आबा थोरले पंचच राहिले, आणि सुकन्या भिंतीच्या बाहेर ती बाहेरच. तिला आत घ्यायचं म्हणजे आबा चुकले असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं. कोण म्हणणार?

पुढच्या सालच्या हंगामाच्या सणाला लंकाबाईनं देवळात उभं राहून हे गाणं म्हटलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. तिनं चौथं धरलं, 'लंका म्हणे...', आणि आबा ताडकन उभे राहिले. "प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. म्हातारी, म्हणजे तेव्हा तरणीच, तोंड उघडं तसंच ठेवून खाली बसली. तेव्हापासून गाणं तीन कडव्यांचं झालं आणि तसंच जिल्हाभर गेलं.

आबा वारले, सासरे वारले. म्हातारीनं पुन्हा कधी देवळात ते कडवं उचललं नाही, आणि कुणावर डूखही धरला नाही, निदान तोंडावर तरी. देवळाची झाडलोट तिच्याकडं आली. कबरस्तान झाडायची, शेवटी फाटकातून बाहेर जाऊन बाभळीखालचंही झाडून यायची.

मग मागच्या पावसाळ्यात भिंत पडली. जुनी दगडमातीची, पार आडवी झाली. मंडळी हळहळली. आमची म्हातारी मात्र त्या दिवशी पाघळली, मला म्हणाली, "ज्योते, आज शिरा कर." मला कळेना हिला झालंय काय. दुसऱ्या दिवशी बाभळीखाली गेले तर दगड मांडून आलेली, पांढरी शेवंती वाहिलेली. भिंतच नाही म्हटल्यावर आत काय आणि बाहेर काय! वर्षभर माझी नणंद आतच होती म्हणा ना.

आणि आता नवी भिंत. जुन्याच जागेवर. सिमेंटची, पक्की, वर काचा.

मी नवऱ्याला, अंगदला, म्हटलं होतं, "तुम्ही पंचात आहात, बोला ना! भिंत चार हात पलीकडं सरकवायला काय सोन्याची वीट लागते?" अंगद बोलले. म्हणजे बोलले म्हणे. आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे घसा खाकरणं. कल्याणनं, रामहरी आबांच्या मुलानं, एका वाक्यात उडवून लावलं: बाभळ दुसऱ्याच्या शेतात आहे, लोकाच्या जमिनीत भिंत कशी घालता? आता कल्याण थोरला पंच, आणि गाणी पुढं सांगणाराही तोच. आमच्यात अजून म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून पुढारी एक ओळ सांगतो आणि मंडळी तीच ओळ मागं म्हणते. कल्याणचा आवाज खणखणीत. मन मात्र बापाचं, असंच मी समजत होते.

आणि कहर ऐका. भिंतीचा पहिला दगड बसवताना कुठलं गाणं म्हणायचं ठरवलं? 'दार उघडं ठेव'! का, तर पाळकसाहेबांच्या आवडीचं. म्हातारीनं हे ऐकलं आणि त्या रात्री जेवली नाही. सकाळी उठून पाहते तर अंथरूण रिकामं.

तर अशी ती रेघेवर. तिच्या पुढ्यात जेसीबी, इंजिन चालू, तोंड वर उचललेलं. पाठीमागं बाभळ. मंडळी हळूहळू जमायला लागली. जो येतो तो म्हणतो, "नानी, उठा ना, ऊन लागंल." ती कुणाकडं बघतही नव्हती.

कल्याण मोटारसायकलवरून उतरला तेव्हाच त्याचा चेहरा लाल.

"काकू, हे काय मांडलंय? पाहुणे राहत्यापर्यंत आलेत."

"येऊ दे की. पाहुन्यांना कुनी न्हाई म्हनलंय?"

"मग उठा."

"भित्त त्या बाभळीच्या पल्याड घाल. उठते."

"जमीन आपली नाही, किती वेळा सांगू? अंगद, आईला सांग!"

अंगदनं घसा खाकरला. मी म्हटलं, "पुरे, कळलं."

कल्याणनं जेसीबीवाल्याला खूण केली, "बाजूनं सुरू कर रे. आवाज झाला की उठतील." जेसीबी घरघरत पुढं आला. त्याचा दात तिच्यापासून बैलगाडीभर अंतरावर जमिनीत घुसला, माती उपसली, आणि ती ढेकळं घरंगळत तिच्या पायाशी. म्हातारी हलली नाही. मी धावत जाऊन मध्ये उभी राहिले.

"बंद कर! बंद कर म्हणते ना! तुझ्या आईवर घालशील का असा?"

पोरगं बिचारं घाबरलं, यंत्र थांबवून खालीच उतरलं. कल्याण माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ज्योती, तू मध्ये पडू नको. दोघं-तिघं या रे, उचलून बाजूला बसवा त्यांना."

"हात लावून तर बघा," मी म्हणाले. "एकेकाचं नाव घेऊन बोंब मारीन, पार स्टेशनापर्यंत ऐकू जाईल."

कुणी पुढं येईना. तेवढ्यात पलीकडच्या शेतातून कानिफनाथ आला. शेत त्याचं. डोक्याला टॉवेल, हातात खोरं, पिकाला पाणी देता देता उठून आलेला, पाय चिखलानं भरलेले. कल्याणला जरा धीर आला.

"बरं झालं आलात. सांगा यांना, जमीन कुणाची आहे ती."

"माझी," कानिफनाथ म्हणाला. मग म्हातारीकडं बघून, "काय झालं, नानी?"

तिनं नुसता हात मागं करून बाभळ दाखवली. कानिफनाथ खोऱ्यावर टेकून उभा राहिला. म्हणाला, "कल्यानभाऊ, आमचा बाप मरताना मला दोन गोष्टी सांगून गेला. यक म्हंजी भावाशी कोर्टात जाऊ नको. आन् दुसरं, त्या बाभळीखाली लेकरू हाय, तिथं औत घालू नको. म्या न्हाई घातलं. बापानंबी न्हाई घातलं. तेवढा कोपरा तसाबी आमचा कवाच नव्हता. घ्या की आत. तलाठ्याकडं काय सही लागंल ती करतो."

आपल्या माणसांनी बाहेर टाकलेली पोर, आणि ज्याचा आपला धर्म एक नाही, रीत एक नाही, त्या माणसाच्या घरानं दोन पिढ्या नांगर वळवून नेला! मला वाटलं, झालं, सुटलं.

कुठलं सुटतंय! कल्याणचा चेहरा आणखी आवळला. जमिनीची ढाल गेली ना हातातून.

"प्रश्न जमिनीचा नाही," तो म्हणाला. "नियमाचा आहे. उद्या कुणीही म्हणेल, आमचंही आत घ्या."

"हां," म्हातारी म्हणाली. "आता बोल्लास. इतका येळ जमिनीमागं लपला व्हतास."

तेवढ्यात पाळकसाहेबांची गाडी आली. तरुणच होते, चष्मेवाले. उतरले, सलाम सलाम केलं, आणि बघतात तर दगड प्रार्थनेला तयार, मंडळी घामाघूम आणि मध्ये आजीबाई मातीत बसलेली.

"आजी, इथं का बसलात?"

कल्याण पुढं झाला, "काही नाही साहेब, घरगुती आहे. आपण गाण्यानं सुरुवात करू, तोवर त्या उठतील."

"कोंचं गानं?" म्हातारीनं विचारलं.

"'दार उघडं ठेव', आजी," पाळकसाहेब म्हणाले. "माझ्या आईच्या मातीला म्हटलं होतं. तेव्हापासून..."

"ते माझं हाय."

"हो, सगळ्यांनाच ते आपलं वाटतं."

"वाटतं न्हाई. म्या केलंय. आन् ते पुरतं न्हाई म्हनत तुमी. म्हनायचं तर पुरतं म्हना, न्हाईतर माझ्या पोरीच्या डोक्यावर भित्त घालताना ते म्हनू नका. दुसरं कायबी म्हना."

पाळकसाहेब खाली बसले, तिच्या समोर मातीत, पँटची पर्वा न करता. "पुरतं म्हणजे? अजून कडवं आहे?"

"चौथं."

"म्हणा ना, आजी."

"म्या न्हाई म्हननार. म्या येकदा म्हनले व्हते." तिनं मान वर केली आणि सरळ कल्याणकडं बघितलं. "पुढारी त्यो हाय. त्यानं सांगावं. मंडळीनं म्हनावं. मग उठते म्या, आन् तुमाला भित्त कुठं घालायची तिथं घाला."

मी हादरले. "आत्याबाई, असं कसं? भिंत कुठंही?" तिनं माझा हात झटकला. पैज लावली होती तिनं, सगळं पणाला. आणि मला ठाऊक होतं, ती हरणार. चौथं कडवं गावात कुणाला येतच नव्हतं. सासऱ्यांना येत होतं, ते गेले. मला येतं, तिनं एकदा भाकरी थापताना म्हटलं होतं तेव्हापासून. कल्याणला कुठून येणार? मी ठरवलं, त्याच्या शेजारी उभी राहीन, ओळ सांगीन, आणि नाही म्हणाला तर भर मंडळीत माझ्या भसाड्या आवाजात स्वतः म्हणेन. होऊन जाऊ दे.

कल्याणनं घाम पुसला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्याला गाणं नाकारता येईना, पाळकसाहेबांनी मान डोलावली होती. त्यानं धरलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत. एक ओळ तो, मागून मंडळी. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. उन्हात बायकांचे गळे चिरकत होते, तरी म्हणत होत्या. तिसरं झालं.

तिसऱ्याच्या शेवटी सवयीनं सगळे 'आमेन' म्हणायला निघाले आणि थांबले.

कल्याण खाली बघत होता. बाभळीवर होले घुमत होते तेवढंच. मी एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं, पहिला शब्द सांगणार तोच तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "राहू दे. येतं मला."

आणि त्यानं म्हटलं.

लंका म्हणे, पाणी नव्हतं लेकीच्या कपाळी,
माझ्या डोळ्यांतलं घे, राजा, दार उघडं ठेव.

एक शब्द इकडचा तिकडं नाही. पण चाल जरा निराळी, 'डोळ्यांतलं'वर लांबवलेली, म्हाताऱ्या माणसाचा दम तुटावा तशी. मंडळीनं ती ओळ मागोमाग म्हटली. पहिल्यांदाच. कुणाचा सूर लागला, कुणाचा नाही, मी तर नुसते ओठ हलवले. अंगद माझ्या शेजारी उभे राहून मोठ्यानं म्हणत होते. आमचे हे. मोठ्यानं.

म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला कुनी शिकवलं?" ती म्हणाली. "शांतवननं?"

"आबांनी."

"कोनी?"

"आबांनी, काकू." कल्याणचा आवाज आता अजिबात खणखणीत नव्हता. "सणाच्या दिवशी दोनच शब्द ऐकले होते त्यांनी, पुढचं तुमच्या दारावरून जाताना ऐकलं असेल. आईनं झोप म्हटलं तरी झोपायचे नाहीत. दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे. बाकीची कडवी कधीच नाही. हेच एवढं. मरायच्या आधी वाचा गेली, तेव्हाही ओठ तेच म्हणत होते. मला म्हणाले होते, बाहेर बोलू नको. मी नाही बोललो."

मला वाटलं आता म्हातारी त्याला जवळ घेईल, रडेल, क्षमा करेल, प्रवचनात सांगतात तसं. छे! ती अशी भडकली की मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती. मुठीत आली ती फक्की तिनं जमिनीवर आपटली.

"घरात म्हनायचा? दार लावून?" ती ओरडली. "मग मोठ्यानं म्हनायला काय झालतं रं त्याला? म्या रोज त्याच्या दारावरून जायची! झाडू घिऊन जायची! येकदा म्हनला असता तर म्याबी त्याच्याबरुबर म्हनलं असतं की रं!"

कल्याण तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं हात पुढं केला. तिनं आधी आपल्या हाताची फक्की लुगड्याला पुसली. मग त्याचा हात धरला, आणि कण्हत, शिव्या देत, गुडघे चोळत उठली. लुगड्याला मागून चुन्याची पांढरी रेघ उठली होती.

"गोरक्ष," कल्याण म्हणाला, "सुतळी सोड. बाभळीच्या पलीकडनं घे."

गोरक्षनं काही न विचारता खुंटी उपटली. कानिफनाथ तिकडचं टोक धरायला गेला.

म्हातारी बाभळीखाली जाऊन त्या चार दगडांपाशी वाकली. मी मागोमाग, पडली-बिडली तर धरायला. तिनं दगडावरची माती पदरानं पुसली.

"ऐकलं का गं सुके," ती हळूच म्हणाली, "म्हनत हुता त्यो. घरात का हुईना, म्हनत हुता."

मग माझ्याकडं वळून, "च्या आन. साखर जास्त घाल."